ओल्या फडक्यातली बाटली

बीडच्या डायलिसिस सेंटरबाहेर बबिता सासऱ्यांची वाट बघत बाकावर टेकली होती. शेजारी पाटोद्याकडचे दोघं बसले होते, ज्ञानोबा आणि त्याचे दाजी आप्पाराव. ज्ञानोबाची आज पहिलीच खेप होती.

"दाजी, हे आता जलमभर?"

"आसं कावून बोलायलास? बरं वाटलं की बंद करतेत."

"न्हाई करत. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, मशीन सोडली की मेलास."

"देव हाय."

"देव हाय, पर किडन्या गेल्या. इन्शुलिन घ्या म्हणले, तवाच घेतली आसती तर?"

"झालं गेलं कशाला उकरायलास?"

"तुमीच म्हणलते, सुई एकदा लागली की सुटत न्हाई, गोळ्यावरच ऱ्हा. मी आपलं ऐकलं."

"माज्या मनात वाईट नव्हतं रे."

तेवढ्यात सिस्टर बाहेर आली. आप्पारावांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली इवलीशी बाटली काढून हळूच तिच्यापुढं धरली.

"एवढी फ्रीजमधी ठिवता का? उन्हानं गरम व्हती."

"इन्शुलिन ना? कुणाची?"

आप्पारावांनी फडकं परत बाटलीवर ओढलं.

"सांगा की दाजी, कुणाची हाय?"

"माजी."

"कवापासून?"

"तुला नको म्हणलं, त्याच्या दुसऱ्या वर्सी. माज्या पोरीनं ऐकलंच न्हाई, घ्यायलाच लावली."

"आन मला?"

"कोणत्या तोंडानं सांगू?"

बबितानं मान वळवली.

"ज्ञानोबा कोण? चला आत," बाटली घेत सिस्टर म्हणाली.

ज्ञानोबा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"ठिवा सिस्टर, नीट गार ठिवा. आमच्या दाजीला एकदा लागलीया, आता सुटायची न्हाई."