टॉमच्या शेताचा भाव

अरे, आयर्लंडमध्ये लिमरिकला मी एकटा राहायचो ना, तेव्हा रविवार जाता जात नसे. असाच एकदा गाडी घेऊन भटकताना एका शेताबाहेर 'विकणे आहे' अशी पाटी दिसली, म्हणून सहज आत शिरलो. टॉम नावाचे म्हातारे शेतकरी घरात एकटेच होते. त्यांनी आधी चहा केला, मग भाव सांगितला. मी उडालोच!

"एवढा?"

"हॉलंडमध्ये याहून महाग आहे. रोमानियात मात्र एवढ्या पैशात कितीतरी जास्त जमीन येते. म्हणून तर माझा मुलगा तिकडे गेला. शेती तिकडेच, बायकामुलंही तिकडेच."

"पण इथे शेजारीपाजारी तरी याहून कमी भाव असेल ना?"

"आहे की."

"मग तुम्हीही थोडा उतरवा. लगेच विकली जाईल."

त्यांनी माझा कप पुन्हा भरला.

"तीच तर भीती आहे," ते म्हणाले. "विकली गेली, तर भाव विचारायला कोण येणार?"

मला तरी कुठे जमीन घ्यायची होती! पण तसं बोललो नाही. म्हटलं, "भाव जरा जास्तच वाटतोय. विचार करतो आणि पुढच्या रविवारी येतो."