रविवारचे ढोल

लोणावळ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात औषधाचे थेंब घालून सविता डोळे मिटून बसली होती. शेजारी अमेरिकेतल्या लेकाकडून नुकतंच परतलेलं एक जोडपं भांडत होतं.

“गंधारने त्या तक्रारीवर सही केलीच कशी?”

“रजनी, हळू बोल. दर रविवारी त्याच्या घरासमोर ढोल वाजतात.”

“ऐंशी वर्षं वाजतायत! काळ्या लोकांची जुनी वस्ती आहे ती. गोऱ्यांच्या हॉलमध्ये त्यांना पाऊल टाकू देत नव्हते, म्हणून ते समोरच्या बागेत वाजवायला लागले. त्याच्या शेजारच्या आजींचे वडीलसुद्धा तिथेच वाजवायचे, श्रीपाद!”

“अगं, त्याला एकच सुट्टी मिळते.”

“मग ‘ऐतिहासिक वस्तीत घर घेतलं’ म्हणून मिरवतो कशाला? आणि तक्रारीत शब्द काय, तर गोंगाट!”

सविताला राहवलं नाही.

“ताई, आमच्या मळवलीत बंगलेवाल्यांनी बी असंच लिवून दिलं. देवळातलं भजन बंद पडलं. लिवणारा मानूस रोज माज्या हातचा चहा पितो.”

मग फोन लावल्याचा आवाज आला.

“अगं, तिकडे रात्र आहे!”

“गंधार, ऊठ. मी बरी आहे. ती सही आधी मागे घे.”