चंचीतला मणी

देवाप्पा : बसायचं ऱ्हावू द्या बाई. आदी सांगा, ह्यो मणी माझ्या पोरीच्या दप्तरात कुणी घातला?

तारामती बाई : हळू बोला, देवाप्पा. शेजारी वर्ग चालू आहे. आणि अंजना आज का आली नाही?

देवाप्पा : मीच पाठवली न्हाय. काल दप्तर झाडलं तर चिंधीत गुंडाळलेला ह्यो मणी खाली पडला. लाल मणी, आन वर भंडारा लागलेला. आमच्या घरात देव न्हाय, देव्हारा न्हाय. छप्पन सालानंतर आमच्या बानं सगळं देव येदगंगेच्या पाण्यात सोडलं. भिंतीवर बुद्धाचा फोटू हाय, बाबासाहेबांचा हाय. मग भंडारा आला कुठनं? पोरगी तोंड उघडंना. ही माझी आय म्हनली, शाळंत दिला असंल. म्हनून तिलाबी संगं आणलीया. व्हय न्हवं गं आये?

सुलाबाई : म्या आपलं... असंल म्हनले.

तारामती बाई : शाळेत आम्ही असलं काही वाटत नाही, आजी.

देवाप्पा : मग काय वाटता? पोरगी घरात काय काय बोलाय लागलीया. देव एकच, रूपं लई. कर्म. मागला जलम. तुमी तर जैन, तवनाप्पा मास्तरांच्या सूनबाई. तुमाला हिंदू धर्म शिकवायला सांगितलं कुणी?

तारामती बाई : हेडमास्तरांनी. आठवीच्या पोरांना आपल्या आसपासचे धर्म समजावून सांगायचे. आधी हिंदूंचा, मग आमचा, तुमचा, मुसलमानांचा. बाकी कुणी घेईना, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. आता मी विचारते, तुम्हाला कुणी पाठवलं? परवाच एकजण ऐकवून गेला, जैन बाई आमच्या धर्मात कशाला नाक खुपसते म्हणून. आज तुम्ही उभे.

देवाप्पा : मला कोण पाठवतंय? उद्यमबागला फौंड्रीत पाळी बुडवून आलोय. माझं मी बगतोय. कर्म शिकवलं का न्हाय, तेवढं सांगा.

तारामती बाई : शिकवलं. जसं करावं तसं भोगावं, असं ते मानतात म्हणून सांगितलं. तर तुमचीच अंजना उठली. म्हणाली, आमची आजी निपाणीत जन्मभर तंबाखूच्या इड्या वळत बसली, ते कुठल्या जन्माचं भोगली?

सुलाबाई : अगं बया! असं म्हनली?

देवाप्पा : मग? तुमी काय सांगितलं?

तारामती बाई : काय सांगणार? म्हटलं, हा प्रश्न मलाही पडतो.

देवाप्पा : हं. आन घरनं देव आणायला लावलं ते?

तारामती बाई : देव नव्हे हो. देव्हाऱ्यातलं काहीतरी. नुसतं फळ्यावर लिहून पोरं जांभया देतात. म्हटलं, घरचं आणा आणि चारचौघांत सांगा. कुणी अंगारा आणला, कुणी बेलाचं पान. एकानं अख्खा बाळकृष्णच खिशात घालून आणला. त्याची आई मागनं धापा टाकत आली.

देवाप्पा : हसू नका बाई. घरचा देव कळला की जात कळती. आमच्या टायमाला सरळ विचारायचे आन पोत्यावर बसवायचे. ही जात काढायची नवी तऱ्हा व्हय?

तारामती बाई : काहीतरीच काय बोलता! मला तसं करायचं असतं तर अंजनाला कशाला सांगितलं असतं, तू नाही आणलंस तरी चालेल म्हणून?

देवाप्पा : कुठं सांगितलं?

तारामती बाई : वर्गात.

देवाप्पा : सगळ्यांदेखत? तिचं एकटीचं नाव घेऊन?

तारामती बाई : ...हो.

देवाप्पा : मग आता काढायचं काय ऱ्हायलं?

तारामती बाई : चुकलं. खरंच चुकलं. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बोलले. ते असं होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

देवाप्पा : दाखला द्या तिचा. खासबागला दुसरी शाळा बगतो.

तारामती बाई : पोरगी हुशार आहे, देवाप्पा. माझ्यावरच्या रागानं तिचं वर्ष घालवू नका.

देवाप्पा : वर्षाचं काय घिऊन बसलाय! असला मणी कुणाच्या गळ्यात बांधतात, ठावं हाय? देवीला सोडलेल्या पोरीच्या. माझ्या थोरल्या भनीच्या डोक्यात जट आली, म्हनून सोडली तिला. मी बारका हुतो. तिकडं मिरजंला कुणाच्या तरी घरात ठेवली, आन परत आली ती रक्त वकत. तसलाच मणी आज माझ्या पोरीच्या दप्तरात. मी कुणावर भरवसा ठेवू? तुमच्यावर?

तारामती बाई : ऐका. तिला घरी बोल बसेल म्हणून मघाशी सांगितलं नाही, पण हा मणी तिनं स्वतः आणला. दुसऱ्या दिवशी उठून म्हणाली, बाई, मीपण आणलंय.

देवाप्पा : खोटं. आणणार कुठनं?

तारामती बाई : आजी, तुम्ही मघापासून खाली बघताय. तुम्हीच सांगा.

देवाप्पा : तिला का मधी घालताय? आये? ...आये, बोल की गं!

(सुलाबाई कमरेची चंची सोडून टेबलावर उपडी करतात. पान-तंबाखूबरोबर तसलेच मणी पडतात.)

सुलाबाई : पोरगी रडत आली रं. आजे, समद्यांच्या घरात कायतरी हाय, आपल्याच घरात काय न्हाय. बाई म्हनल्या, तू रिकामी आलीस तरी चालंल. माझ्याजवळ दुसरं काय हुतं द्यायला?

देवाप्पा : तू घरात देवी ठेवलीस? माझ्या घरात?

सुलाबाई : देवी कुठली? तुझ्या बानं पाटीभर देव पाण्यात सोडलं, म्या काठावर उभी राहून बगितलं. एकबी मागं ठेवला न्हाय. ह्ये मणी तवा तुझ्या भनीच्या गळ्यात हुतं. ती गेली तवा म्या काढून घेतलं. तिचं लुगडं तू जाळलंस, अंथरूण जाळलंस. फोटू तर कुणी काढलाच न्हवता. मग म्या काय ठेवायचं रं?

देवाप्पा : आन भंडारा?

सुलाबाई : तिच्या गळ्यावरचाच हाय. मणी धुवायचं मन झालं न्हाय.

देवाप्पा : मला खोटं का सांगितलंस मग, शाळंचं नाव घिऊन?

सुलाबाई : भ्याले. ह्येबी जाळशील म्हनून.

देवाप्पा : ...बाई, पोरगीनं वर्गात काय सांगितलं? कुठल्या देवाचा म्हनली?

तारामती बाई : मीही तेच विचारलं. म्हणाली, देवाचा न्हाय, आमच्या आत्तीचा हाय. एका पोरानं आत्तीचं नाव विचारलं. तिला सांगता येईना. घरात ते नाव घेत नाहीत, एवढंच बोलली आणि खाली बसली.

सुलाबाई : ह्येनंच बंदी केलीया. ते नाव कानावर पडलं की जेवत्या ताटावरनं उठतोय.

तारामती बाई : देवाप्पा, दाखल्याचं काय करू?

देवाप्पा : उद्या तुमचा तास कवा असतोय?

तारामती बाई : मधल्या सुट्टीनंतर. वर्गात बोलले तशी वर्गातच अंजनाची माफी मागेन मी.

देवाप्पा : नगं. आनिक समदी तिच्याकडंच बगत बसतील. नुसतं शिकवा. येईल ती. आये, मणी गोळा कर. ह्यो घे, ह्योबी चंचीत घाल.

तारामती बाई : आणि कुणी परत नाव विचारलं तर?

देवाप्पा : बाळाबाई. बाळाक्का म्हनायचो मी... तुमी सांगू नका बाई. घरी गेल्यावर मीच सांगतो तिला.