शंभरावी सही

...नाही, पण पद्धतीत खोट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर तुम्ही हसणार आणि हसता हसता म्हणणार, बघा, एवढा शिकून आला आणि पक्षाचं वाटोळं केलं. वाटोळं झालं, मान्य. पण पद्धतीमुळे नाही, माणसांमुळे. चांगल्या पद्धतीत माणसं घातली की काय होतं हे तिकडे कुणी शिकवलंच नाही हो... तिकडे म्हणजे जिथे मी सहा वर्षं राज्यशास्त्र शिकलो, बर्फ तुडवत, दुसऱ्याचा कोट घालून, ‘पक्ष कसे कुजतात’ या विषयावर तीनशे पानं लिहिली आणि शेवटच्या पानावर ठरवलं की आता परत जायचं आणि न कुजणारा एक काढायचा.

काढला. शंभर सह्या लागतात नोंदणीला, शंभर संस्थापक सभासद. झाल्या शंभर, शिक्का पडला, आणि पुढच्या रविवारी सकाळी दहाला पहिला अध्यक्ष निवडायला आम्ही अकरा जण जमलो. कुठे? फर्निचरच्या दुकानावरच्या गोडाऊनमध्ये. दुकान ज्यांचं त्यांना सगळे सोफावालेच म्हणतात, तोंडावरसुद्धा. तर तुम्हाला सांगतो, नव्या राजकारणाची सुरुवात आम्ही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या सोफ्यांवर बसून केली. जरा कूस बदलली की खालून कर्र. कुणी तळमळीने मुद्दा मांडायला पुढे सरकलं की आधी सोफा बोलायचा, मग माणूस. आणि सोफावाले दर पाच मिनिटांनी, “टेकू नका हो, टेकू नका, तो उद्या गिऱ्हाइकाकडे जायचाय.” बसलो ताठ. तीन तास.

मी उठलो आणि म्हटलं, मित्रांनो, आपल्या पक्षात उमेदवारच नसेल. ज्याला पद हवंय तो पदाला नालायक. सगळ्यांनी माना डोलावल्या, सोफे कर्र कर्र. मग मी पद्धत सांगितली. मध्ये एक खुर्ची. एकेकाने येऊन बसायचं. बाकीच्यांनी त्याचे दोष सांगायचे, अगदी खरे, आणि तोंडावर. इतर पक्षांत पाठीमागे बोलतात, आपल्याकडे पाठीमागे एक अक्षर नाही, माणूस समोर असेल तरच बोलायचं. बसलेल्याने उत्तर द्यायचं नाही. मधेच जो उठेल तो बाद. मी फळ्यावर मोजणार, आणि शेवटी चिठ्ठीवर एक नाव, ज्याचे दोष सगळ्यांत कमी त्याचं. आता सांगा, यात खोट कुठे आहे? दाखवा मला.

खुर्चीत होती एक खोट, ती मान्य. फिरती खुर्ची, मालातच बिघडून आलेली, म्हणून विकली गेलेली नाही, आपोआप डावीकडे फिरायची. म्हणजे माणूस आपल्याकडे तोंड करून बसला की दोन दोष ऐकेपर्यंत तो हळूहळू भिंतीकडे वळायचा. मग पायाने स्वतःला परत आणायचा. मग पुन्हा वळायचा.

पहिले बसले सर. गणिताचे, निवृत्त. पहिली दहा मिनिटं कुणी बोलेना. मग कुणीतरी चाचरत, “सर, तुम्ही जरा... लांबण लावता.” एक. मग आमच्या वकीलबाई, त्यांचा आवाज म्हणजे कागद फाडल्यासारखा, “सर, छत्तीस वर्षं शिकवलंत. एकही विद्यार्थी तुम्हाला भेटायला येत नाही. रस्त्यात दिसलात तर पलीकडच्या फुटपाथला जातात. मीसुद्धा जायचे.” सर भिंतीकडे वळले. आणि यावेळी पायाने परत नाही आणलं स्वतःला, बसले तसेच, प्लॅस्टरकडे बघत. मी फळ्यावर रेघ ओढली. वाईट वाटलं, नाही असं नाही, पण खरं सांगू, छातीत काहीतरी भरूनही आलं... इतका खरेपणा मी तिकडेसुद्धा पाहिला नव्हता.

मग वकीलबाई बसल्या आणि सर त्यांच्याकडे वळले. “बाई, तुमच्या अशिलांपेक्षा समोरच्या पार्टीचे लोक तुमच्यावर खूश असतात. का ते मी सांगत नाही.” सांगत नाही म्हणून त्यांनी वीस मिनिटं सांगितलं. तारखांसकट. गणिताचा माणूस.

आणि सोफावाले? त्यांच्याच गोडाऊनमध्ये, त्यांच्याच खुर्चीत. दोष ऐका हं. “तुम्ही फार कष्ट करता.” “तब्येतीकडे बघत नाही.” “मन मोठं आहे, लोक फायदा घेतात.” मला राहवेना. मी म्हटलं, तुमच्या दुकानात एवढे सोफे आणि कामगारांना दिवसभर बसू देत नाही तुम्ही. ते खळखळून हसले. “लिही, लिही. बसले तर विकतील कधी?” लिहिलं. एकूण चार.

मग मी. एकोणीस. तुम्हाला खोटं वाटेल, एकोणीस. बोलताना डोळे मिटतो. दुसऱ्याचं ऐकताना पुढचं वाक्य जुळवत असतो. सरांनी सांगितलं, “सकाळपासून ‘तिकडे’ हा शब्द एक्केचाळीस वेळा.” मोजत होते, भिंतीकडे तोंड करूनसुद्धा मोजत होते. आणि एकोणिसावा दोष कुणी सांगितला? मावशीने. माझी सख्खी मावशी, जिच्या घरी मी आठ महिने राहतोय. म्हणाली, “हा जेवून उठला की ताट तिथेच ठेवतो. जनतेची सेवा करणार म्हणे. ताट कोण उचलणार, जनता?”

हसले. सगळे हसले हो, सरसुद्धा. मी आपला हळूहळू भिंतीकडे चाललोय, पाय टेकवला तर दिसेल की लागलंय, म्हणून तसाच चाललोय. मग उठून माझा दोष मीच फळ्यावर मांडला. राग? अजिबात नाही. तत्त्वासाठी घर सोडून बर्फात राहिलेला माणूस ताटावरून रागावेल का?

आता मावशी कोण ते सांगतो. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणतात. त्या शंभर सह्यांतल्या नव्वद तिने आणल्या, गुडघ्याला पट्टा बांधून, एकेक जिना चढून. दार उघडलं की म्हणायची, “ओळखलंस का? तुझी गोवराची सुई मीच टोचली होती. कर सही.” करायचे. ती अध्यक्ष होणार हे जिन्यावरच्या मांजरालाही माहीत होतं. तिलाही हवं होतं... तोंडाने नाही म्हणायची, पण आदल्या दिवशी आरशासमोर उभी राहून “बंधूंनो आणि भगिनींनो” असं दोनदा म्हणताना मी ऐकलं. पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा, जरा खालच्या पट्टीत.

तर मावशी खुर्चीवर बसली. पाय घट्ट रोवले. खुर्ची हलली नाही. सकाळपासून पहिल्यांदा. मी म्हटलं, बोला. कुणी बोलेना. वकीलबाई म्हणाल्या, “सिस्टरांबद्दल काय बोलणार?” सोफावाले म्हणाले, “नाही बुवा.” सर म्हणाले, “शून्य.” आणि फळ्यावर तिच्या नावापुढे स्वच्छ काळं... एक रेघ नाही.

आता तुम्हीच सांगा. शून्य म्हणजे काय? शून्य म्हणजे खोली खोटं बोलतेय. पहिल्याच दिवशी, पहिल्याच अध्यक्षासाठी. मग पद्धत कशाला हवी? पद्धतीत खोट नव्हती आणि मी ती पडू देणार नव्हतो. तिथे ताट वगैरे काही नव्हतं डोक्यात. मी म्हटलं, एक दोष आहे. शंभरावी सही काकांची आहे.

काका म्हणजे मावशीचे यजमान. वारले. नऊ वर्षं झाली.

झालं असं होतं की शेवटच्या दिवशी नव्याण्णवच होत्या. शंभरावा एक न्हावी, त्याने बायकोला विचारतो म्हणून जी पाठ फिरवली ती फिरवलीच. खिडकी पाचला बंद. पाचला चार कमी. खिडकीतला कारकून घड्याळाकडे बघतोय. मावशीने फॉर्म भिंतीला लावला आणि काकांचं नाव लिहून खाली वळणदार सही ठोकली. मला कसं माहीत? शेजारी उभा होतो ना. पेन माझं होतं.

गोडाऊनमध्ये एवढी शांतता, की सोफेसुद्धा गप्प. मावशी माझ्याकडे बघत राहिली. बोलायचं नाही हा नियम, बोलली नाही. ती नियम पाळणारी. तीस वर्षं औषधाची वेळ चुकवली नाही तिने.

वकीलबाई म्हणाल्या, “एक सही खोटी म्हणजे सगळी नोंदणी रद्द. कळलं तर.” ‘तर’ या शब्दावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, रद्द तर रद्द, पुन्हा सह्या जमवू. “कोण जमवणार?” सरांनी विचारलं. “तुम्ही?”... तेवढ्यात सोफावाले उठले. आणि माणूस काय बोलला, ऐकत राहावं. “हे बघा, आपला पक्ष स्वच्छ. खोटी सही करणारी व्यक्ती आपल्यात नको. सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका, तुमचं सभासदत्व आपण काढून घेऊ. संख्येची चिंता नको, नोंदणीच्या दिवशी शंभर असले म्हणजे झालं.” “आणि सही?” मी विचारलं. “सहीला काय झालंय? किती सुरेख वळण आहे.”

म्हणजे मावशीला काढलं आणि काकांना ठेवलं.

पुढे ऐका. काकांना ठेवलं तर ते कधी दिसत का नाहीत, असं उद्या सरकारी माणूस विचारणार. साधा सभासद दिसला नाही तर लोक शोधतात, म्हणाले सोफावाले, मोठा नेता दिसला नाही तर कुणी शोधत नाही. सरांनी फळ्याकडे बोट दाखवलं. “आणि सिस्टरांच्या यजमानांचे दोष शून्य आहेत.” मी वाद घातला, घातला हो मी, पण काय सांगू... तोवर त्या खोलीत असं एकही माणूस उरलं नव्हतं, ज्याला दुसरं कुणी अध्यक्ष झालेलं बघवलं असतं. सरांना वकीलबाई नकोत, वकीलबाईंना सर नकोत, मी तर कुणालाच नको. काका सगळ्यांना चालत होते. काकांबद्दल कुणाला काहीही माहीत नव्हतं. नेत्याला आणखी काय लागतं?

चिठ्ठ्या वाटणार तेवढ्यात मावशीने हात वर केला. खुर्चीतून उठली नव्हती अजून. म्हणाली, “मला यांचे दोष सांगायचेत. फळा पुरायचा नाही.”

सोफावाले माझ्याकडे वळले. “काय करायचं? पद्धत तुझी.”

सगळे माझ्याकडे बघतायत. मावशी माझ्याकडे बघतेय. आणि पद्धतीत खोट नव्हती हो... नियम म्हणजे नियम, आपल्या माणसासाठी वाकवला की तिथूनच कुजायला सुरुवात होते, माझ्या प्रबंधाचं पान बेचाळीस. मी म्हटलं, मावशी, दोष तोंडावर सांगायचा. माणूस समोर नाहीये.

तिने हात खाली घेतला.

नऊ चिठ्ठ्या काकांना. एक सोफावाल्यांना, ती त्यांच्याच अक्षरात. मावशीला चिठ्ठी दिली नाही, ती आता सभासद नव्हती ना. मला प्रवक्ता केलं, एकमताने, स्पष्ट बोलतो म्हणून. तेव्हापासून मी स्पष्ट सांगतो की अध्यक्ष दौऱ्यावर आहेत. एका पत्रकाराने विचारलं, परत कधी? म्हटलं, तारीख अजून कळवलेली नाही. यात खोटं काय आहे? पोस्टरसाठी फोटो हवा होता, मावशीच्या हॉलमधला काढून नेला. आता भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय, बाकी भिंत पिवळी. कालच एक वयस्कर बाई पोस्टरसमोर थांबून म्हणाल्या, “चेहऱ्यावरच कळतं, सज्जन माणूस.”

आणि पक्ष चालतोय बरं का, झकास चाललाय. फक्त प्रत्येक कागदावर अध्यक्षांची सही लागते. ती वळणदार सही कुणाला येते? मग दर रविवारी सोफावाले गठ्ठा पाठवतात, मी तो मावशीच्या टेबलावर ठेवतो, ती चष्मा लावते आणि करत जाते. मी एकदा विचारलं, कशाला करतेस, काढलं ना त्यांनी तुला. म्हणाली, “नव्वद जिने चढले मी. या लोकांसाठी ते वाया घालवू?”

मलाही काळीज आहे हो. मी म्हटलं, हिला परत घेतलं पाहिजे. रीतसर. सभासदत्वाचा अर्ज आणला, मीच भरला, वकीलबाईंनी शिफारस दिली, सरांनी दिली, सोफावाल्यांनीसुद्धा तोंड वाकडं करून दिली. आता फक्त खाली अध्यक्षांची सही. मुद्दाम गठ्ठ्याच्या मधोमध घातला मी तो. ती करत गेली, करत गेली... त्या अर्जापाशी आली आणि थांबली. पेन टोपणात घातलं. अर्ज वेगळा काढून माझ्यापुढे सरकवला.

मी म्हटलं, अगं कर ना, तुझाच आहे.

“माझाच आहे म्हणून,” मावशी म्हणाली. “यावर नसती केली तुझ्या काकांनी. मी ओळखते त्यांना.”