माशाला दोन हीटर
(नवापूरच्या सुमनबाईंनी सांगितलेलं)

मी मूळची कोरीटची बेटा, माहेर शेतकऱ्याचं, लग्न करून नवापूरला आले आणि आल्याबरोबर पोल्ट्रीत कामाला लागले. सगळी उमर पिल्लांत गेली. हॅचरीतून एका दिवसाची पिल्लं खोक्यात यायची, मुठीत मावणारी, पिवळी, आणि त्यांना ऊब द्यायचं काम माझं. शेडला गोणपाटाचे पडदे, वर पत्र्याच्या टोपणाखाली बल्ब. पिल्लू बोलत नाही ना, मग बघून ओळखायचं. बल्बाखाली ढीग करून बसली की समजायचं गारठलीत, बल्ब खाली घ्या. लांब कडेला पळाली की गरम होतंय, बल्ब वर घ्या. पोल्ट्रीचा मालक म्हणायचा, सुमनबाई, तू थर्मामीटर शे. मला लय बरं वाटायचं. पण तेच मला नडलं, ते सांगते.

आमचे हे, म्हणजे माझे मालक, ट्रक चालवायचे, सुरत लाईनला. दीड-दोन वर्षांमागे लकवा मारला, उजवा हात गेला. म्हणजे हात होता, पण मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्याचा असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, रोज उचलायला लावा. मी म्हणायची उचला, हे भिंतीकडे तोंड करायचे. जन्मभर स्टेअरिंग धरलेला माणूस, त्याला मी काय सांगू, हात उचला म्हणून?

तेवढ्यात मासा आला. आमचा दिनेश सुरतला एका शेठकडे ड्रायव्हर शे, ते शेठ दुसऱ्या गावाला निघाले, म्हणाले, ही काचपेटी घेऊन जा. पेटी कसली बेटा, आमच्या पलंगाएवढी! टेम्पोत आणली, मासा वेगळ्या ड्रममध्ये. एकच मासा, ऑस्कर म्हणतात, ताटलीएवढा, काळा, अंगावर विस्तवासारखे पट्टे. पेटीचा हीटर रस्त्यात फुटला, पण उन्हाळा होता, कोण विचारतो हीटरला? मी म्हटलं, दिनेश, बापाला औषध लागतंय, तू मासा आणला का रे? दिनेश हसत हसत मासा पेटीत सोडायला लागला.

पण तो मासा माणूस ओळखायचा. हे समोर बसले की काचेला तोंड लावून शेपूट हलवायचा, कुत्र्यासारखा. दाणे वरून टाकावे लागायचे आणि डबा ह्यांच्या उजवीकडे. एक दिवस मी चुलीपाशी होते, बघते तर ह्यांचा उजवा हात काचेच्या काठावर. थरथरत होता, अर्धे दाणे खाली सांडले, पण वर होता. मी हाक नाही मारली. दृष्ट लागेल म्हणून पाठ फिरवून भाकरी थापत राहिले.

मग थंडी आली. आमचं घर पत्र्याचं, पहाटे पत्रा बर्फ होतो. मासा खायचा बंद झाला. कोपऱ्यात तळाला पडून राहायचा, हे दाणे टाकायचे, ते तसेच बुडायचे. दोन-तीन दिवस झाले आणि ह्यांनी डब्याला हात लावणं सोडलं. हात परत मांडीवर.

मला काय येतं बेटा? जे येतं ते केलं. पेटीला गोणपाट गुंडाळलं, वर दोन बल्ब टांगले, पत्र्याच्या टोपणासकट. मासा बल्बापासून लांबच्या कोपऱ्यात जाऊन पडला. मी म्हटलं, गरम होतंय त्याला, बल्ब वर घेतले. तो आणखी निपचित. मी आणखी वर घेतले. हे पलंगावरून म्हणाले, वं, तो पिल्लू नही शे, मासा शे. मी चिडले, म्हटलं, मला नका शिकवू. मग बाही वर करून हात घातला. वरचं बोटभर पाणी कोमट, आणि खाली कोपरापर्यंत हात गेला तर काय सांगू तुला, विहिरीसारखं थंड! तो उजेडाला भिऊन लांब गेला होता आणि मी त्याचा उबारा काढून घेत होते.

तशीच गाडीत बसले, नंदुरबारला माशांच्या दुकानात. गल्ल्यावर एक बाई होती, म्हणाली, मावशी, पाणी किती बसतं? मी म्हटलं, पंधरा लिटरच्या वीस बादल्या मीच ओतते. ती म्हणाली, म्हणजे तीनशे लिटर, लिटरला साधारण एक वॅट धरायचं, घर पत्र्याचं असेल तर थोडं वाढवून. मी म्हटलं, मग दे एकच मोठा, चारशेचा. नको मावशी, म्हणाली, दोनशेचे दोन न्या, दोन्ही टोकांना लावा. एकच मोठा असला आणि चालूच अडकला तर मासा शिजेल, बंद पडला तर गारठेल. दोन असले की एक बिघडला तरी दुसरा सांभाळून नेतो. आणि पाणी बदलताना आधी बटण बंद, नाहीतर हीटरची काच तडकते.

मला हसू आलं. शेडमध्ये तरी एकच मोठा बल्ब कधी लावला होता आम्ही? एक लावला की सगळी पिल्लं त्याच्याखाली चेंगरतात, म्हणून लहान-लहान, लांब-लांब. सगळं ठाऊक होतं, घरच्या वेळी डोकं चाललं नाही.

हीटर लावले. पाणी हळूहळू तापलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मासा तळातून उठला आणि काचेला आला. मी गोणपाट काढून टाकलं, ह्यांना दिसावा म्हणून. हे किती वेळ बघत बसले. मग डबा घेतला. उजव्या हाताने.

आताही थंडी शे. झोपायच्या आधी मी दोन्ही टोकांची काच हाताने बघते, थर्मामीटर चिकटवला शे तरी. काल हे म्हणतात, मासाले दोन हीटर, अन् मले एकच गोधडी? वा रे तुन्हा न्याय! मी ट्रंकेतली माहेरची गोधडी काढली आणि त्यांच्या पायावर टाकली, वरपर्यंत मुद्दाम नाही घातली. बघत उभी राहिले. थोड्या वेळाने उजवा हात बाहेर आला, गोधडीचं टोक धरलं आणि हळूहळू हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

बस, एवढं शे माझं. चहा घे बेटा, निवतोय.