गुडघ्यांचा पुठ्ठा कोणाकडे आहे?

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भीमरावअण्णा, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ग्रंथपाल उल्काताई, आणि हडपसरच्या या वाचनालयात पंख्याखालची जागा धरून बसलेल्या वाचकहो,

हे भाषण लिहायचं मी महिनाभर टाळलं. लिहायला बसलो की पाय कुठेतरी निघतात. परवा तर खडकवासल्याला पोचलो. कॉलेजातूनही असाच निघालो होतो. असो.

इथे मी पहिल्यांदा आलो तो फोन चार्ज करायला. तेव्हा नव्या पुस्तकांची खरेदी बंद होती. मी म्हटलं, "ताई, कितीतरी संशोधन, पाठ्यपुस्तकं लेखकांनीच नेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवलीत. फुकट, आणि रीतसर. आपण फक्त चांगली निवडायची आणि वाचकाला वाट दाखवायची."

"आणि ती ठेवायची कुठे?" ताई म्हणाल्या.

कपाटात नाही ते पुस्तक कसलं? मग नेटवरच्या प्रत्येक पुस्तकासाठी पुस्तकाएवढा पुठ्ठा कापला. खाकी कव्हर, शिक्का, क्रमांक आणि मधोमध क्यूआर कोड. पुठ्ठा काढा, फोन धरा, वाचा. पण लोक पुठ्ठा घरी न्यायला लागले! ताईही रीतसर नोंद करून देत. ज्यांना जिना चढवत नाही, त्यांना तर जाता जाता घरपोच. परिणाम काय? जे सगळ्या जगाला एकाच वेळी वाचता येतं, त्यासाठी हडपसरात नंबर लागले.

फिजिओथेरपी शिकणारी निशा गुडघ्यांच्या व्यायामाचा पुठ्ठा मागून थकली.

"कोणाकडे आहे, ताई?"

"वाचकाकडे."

"अहो, पण कोणत्या?"

"ते सांगायचं नसतं."

शेवटी तोच कोड मी तिला साध्या कागदावर छापून दिला. आता सगळ्यांचेच तसे छापतो.

आता अण्णा समोरच आहेत म्हणून बोलतो. वाचनालय हटवून या जागेत जिम करायची की नाही, ते उद्याच्या बैठकीत ठरणार. मागच्या बैठकीत अण्णा म्हणाले होते, "पुठ्ठ्यात काय वाचायचं हाय? त्यानं भलं झालेला एक माणूस दाखवा, जिमचं नाव काढणार नाय."

ताईंनी चष्मा पुसला आणि नोंदवही मिटून ठेवली. एक नाव घेतलं असतं तर वाचनालय वाचलं असतं ना? पण कोण काय वाचतं, हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी वाचनालयासाठीही मोडला नाही.

मघाशी अण्णांनी सांगितलं, त्यांच्या सौभाग्यवती शकूकाकूंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून त्या आल्या नाहीत. काकूंची आठवण काढून, ताईंचे आणि आपल्या सर्वांचे आभार मानून मी थांबतो. बोलताना भरकटलो असेन तेवढं पोटात घाला.

एक मिनिट. दाराशी कोण आलंय? अण्णा, जरा बघा. शकूकाकू आल्यात. जिना चढून. हातात खाकी पुठ्ठा आहे, आणि त्या म्हणतायत, "उल्काताई, परत द्यायला आले. गुण आला बघा."