नाही सांगत

ताई : आणि हे कितव्यांदा? खरं सांग.

(औषधांच्या दुकानामागची खोली, भर दुपार. खोक्यांच्या मधल्या बाकावर ताईचा नवरा, रंगारी, डोळे मिटून पडलाय. दुकान ताईच्या धाकट्या बहिणीचं.)

धाकटी : पाचव्यांदा. ओरडू नकोस, बाहेर गिऱ्हाईक आहे.

ताई : पाच दुपारी माझा नवरा तुझ्याकडे लोळतोय आणि मला पत्ता नाही! शेजारीण सांगते तेव्हा कळतं. घरी येतो तो गालात हसत, जीभ जड. मी काय दूधखुळी आहे?

धाकटी : गोळीनं होतं ते. छतं रंगवून रंगवून मान आखडलीय त्यांची. डॉक्टरांची चिठ्ठी आहे, स्नायू सैल करायची गोळी.

ताई : मग मान सैल होऊ दे. जीभ कशाला?

धाकटी : अगं, गोळी काय मानेवर जाऊन बसते? ती मेंदूवर चालते, मज्जारज्जूवर. तिथून मानेला ‘आवळ, आवळ’ असे निरोप सुटत असतात, ते ती मंद करते. त्यात बाकीचंही मंदावतं. झोप येते, तोल जातो. म्हणून शिडी मी इथेच अडकवून ठेवते. गोळी घेतली की त्या दिवशी शिडी नाही.

ताई : शिडीसुद्धा तुझ्याकडे! घरी काय पलंग नाही?

धाकटी : त्यांनीच शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून.

ताई : लहानपणापासून हेच. बाबांचं दुखणं आधी तुला, आईच्या मनातलं आधी तुला. मी मेली सगळ्यांच्या शेवटी. एक नवरा तेवढा माझा होता.

धाकटी : ताई, काहीतरीच काय!

ताई : जळतेय मी, हो. दुखलं की माणूस आपल्या माणसाकडे जातो. हा तुझ्याकडे आला.

धाकटी : मी औषधं विकते, म्हणून आले.

ताई : सरक. घेऊन जाते घरी. चल रे, ऊठ.

रंगारी : मेहुणीबाई...

धाकटी : तुझा हात धरलाय. मीच आहे असं वाटतंय त्यांना.

रंगारी : तिला सांगू नकोस हं. मागे शिडीवरून पडलो ना... महिनाभर घास उतरला नाही तिच्या घशाखाली.

धाकटी : अहो भावोजी, ही तर...

ताई : तू गप्प बस.

रंगारी : नाही ना सांगणार?

ताई : नाही सांगत, भावोजी. झोपा तुम्ही.